भरलेल्या पोटऱ्या

मानसिंग आला तो कुणाच्या तोंडाकडं बघेचना. बघायचा ते पायांकडं. दारात वाकून आईच्या पाया पडला, अंबूबाईनं आशीर्वादाला हात उचलला, तर ह्याची नजर अंगणात खेळणाऱ्या धाकट्या भाच्याच्या पोटऱ्यांवर. मुंबईहून एवढ्या लांब आलेला लेक, पण धड पाणी प्याला नाही. गुळाचा चहा पुढ्यात निवून गेला.

"दवाखान्यात माणसं येत्यात का गुरं रं?" अंबूबाई म्हणाली. "बाजारात बैलाचं पाय बगावं, तसा बगतुयास."

मानसिंग हसला नाही. नसांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यांवर शोध लावणारा डॉक्टर तो. म्हणजे नेमकं काय करतो, ते अंबूबाईला सांगता येत नसे. "माजा ल्योक मोठ्या सायबांस्नी शिकिवतो," एवढंच ती सांगे, आणि पुढं विचारायची कुंडल गावात कुणाची टाप नव्हती.

थोरला भाचा जोतिबा सोप्यात घोंगड्यावर भिंतीला टेकून बसलेला. चालायचं त्याचं कधीच थांबलं होतं. मानसिंगनं त्याची मांडी दाबून पाहिली.

"त्याला काय बगतुयास? त्याच्या बापाकडचं रगातच पाणचट," अंबूबाई म्हणाली. बाळंतपणाला माहेरी आलेली पोरांची आई लीला आत भाकरी थापत होती. तिला ऐकू जाईल, याची अंबूबाईला फिकीर नव्हती. शिराळ्याच्या व्याह्यांना ती तोंडावरसुद्धा हेच ऐकवी. "धाकल्याकडं बग. ह्येच्या पोटऱ्या बग कशा भरल्यात! वस्तादानं हात लावून सांगितलंय, ह्यो मैदान मारणार."

दूध-तूप घालून तिनं धाकट्या सयाजीला आजोळीच वाढवला होता. रोज सकाळी स्वतः तालमीच्या दारापर्यंत नेई, कपाळाला माती लावून घेई, दमेस्तोवर बैठका मारायला लावी.

"सया, हितं बस बरं खाली," मानसिंग म्हणाला. "हां. आता ऊठ."

पोरगं पालथं झालं. ढुंगण वर काढलं. एक हात गुडघ्यावर टेकला, दुसरा मांडीवर, आणि आपल्याच पायांवर हातांनी चढत चढत उभं राहिलं. मग मामाकडं बघून हसलं.

"बगितलंस?" अंबूबाईचा चेहरा फुलला. "शड्डू ठोकतंय माजं वाघरू!"

मानसिंगनं भाच्याला जवळ ओढून घेतलं. "आये, शड्डू न्हाई त्यो. पायात ताकद न्हाई म्हणून हात लावतंय. पोटरीत चरबी हाय नुसती. बैठका मारायला लावू नगंस त्याला. जोत्याच्याबी पोटऱ्या आशाच हुत्या का न्हाई?"

होत्या. त्याही तिनंच गावभर मिरवल्या होत्या.

"औषध लिहून दे," ती म्हणाली.

"न्हाई औषध."

"हितं नसंल. इलायतेत?"

"कुठंच न्हाई."

"मग एवढी वर्सं तू करतुयास तरी काय?"

"आसली पोरं तपासतो. मांसाचा तुकडा काढून काचंखाली बगतो." मानसिंग जमिनीकडं बघत बोलला. "कुणाला झालंय, कुणाला हुणार, ते सांगतो."

"मग सांग की. कुणाकडनं आलं ह्ये?" अंबूबाई सरसावून बसली. "सांग मोठ्यानं. शिराळ्याला जाऊन चार माणसांत इचारते त्यांस्नी."

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"त्यांच्याकडनं न्हाई, आये. आईकडनं येतंय. तिला तिच्या आईकडनं. बाईला सोताला काय हुत न्हाई, तिच्या ल्योकांस्नी हुतं. एखादा सुटतो, माज्यावाणी. तुजा भाऊ लहानपणीच गेला म्हणतीस, अर्जुनामामा. त्यो कसा उठायचा गं खालनं?"

अंबूबाईचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर जाऊन टेकला. अंगणातली कोंबडी उंबऱ्यावर चढली, तिला हाकलायलाही तिचा हात उचलला नाही.

लीला दारात येऊन उभी होती. पिठानं भरलेले दोन्ही हात तिनं पोटावर धरले होते. "दादा," ती म्हणाली, "ह्यो बी पोरगाच आसला तर?"



अंबूबाई उठली. पदर सारखा केला आणि लेकासमोर ताठ उभी राहिली.

"सकाळी ह्या घरात आजारी एकटा जोत्या हुता, मानसिंग. तू आलास आन् सगळ्यांस्नी आजारी करून ठिवलंस. ह्या लेकराला, लेकीला, मला, अजून जन्माला आलं न्हाई त्यालाबी. बरं मातर कुणालाच केलं न्हाईस."