अलगद

सेन्सॉर मंडळाच्या डॉ. मृणालिनी टिळेकरांनी चित्रपट थांबवला. दहाव्या मजल्यावरून कोसळणारी मुलगी ॲनिमेशनमधल्या, उडता पोलादी पोशाख घातलेल्या सुपरहिरोने जमिनीलगत ‘अलगद’ झेलली होती.

“पोलादी हातांवर आदळून ती मरेल. उडते पोशाख आता शाळकरी पोरंही घालतात. उद्या हेच करतील. प्रदर्शनाचा दाखला मिळणार नाही.”

“बाई, मूळ कॉमिकमध्येही असंच आहे,” लेकीला सोबत घेऊन आलेले निर्माते घोरपडे हसले.

“कॉमिकला पडण्याच्या आणि झेलल्याच्या चौकटींमध्ये गप्प बसण्याची अक्कल होती. ती जागा तुम्ही अडाणीपणाने भरलीत.”

“लोकांना एवढं कुठे कळतं?”

बाईंनी आपल्या उडत्या पोशाखाच्या पोलादी बाह्या चढवल्या. “मग हिला गच्चीवरून सोडा. मी अशीच झेलते.”

घोरपड्यांची मूठ लेकीच्या मनगटावर आवळली.

ती कळवळली. “बाबा, अलगद धरा ना.”