मुकानच्या घोडीचं नाव

शर्यतीच्या आदल्या दुपारी मुकान आणि त्याची धाकटी मुलगी अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर पत्ते खेळत बसले होते. डावावर पैसे नव्हते, मेंढीच्या घोट्याची हाडं होती. जो जिंकेल त्याने घोडीचं नाव ठेवायचं, एवढंच ठरलं होतं.

मुलगी एकेकाळची अल्माटी शहराची सौंदर्यराणी. आता सरोवराकाठच्या हॉटेलांत पोकर खेळायची. हिच्या तोंडावरून हिचे पत्ते कळत नाहीत, असं तिथले पुरुष म्हणत. आज ती दोनशे किलोमीटर गाडी चालवत आली होती, ती बापाला एक गोष्ट सांगायला. सहा वर्षांची असल्यापासून ती गोष्ट तिच्यापाशी होती. चहाचे चार वाडगे संपले तरी तोंडातून निघत नव्हती.

“नाव चांगलं पाहिजे,” मुकान म्हणाला. “पंचवीस किलोमीटर पळायचंय तिला.”

“तुमच्या नावांचा गुण माहीत आहे, बाबा. ‘वावटळ’ ठेवलंत, तो वाटेत गवत खात उभा राहिला. ‘पहिला’ ठेवलंत, तो शेवटून पहिला आला.”

“घोड्यांचं सोड गं.”

“मग माणसांचं बोलू? चार पोरींवर पाचवी मी, तर नाव ठेवलंत उलबोल्सिन. म्हणजे मुलगा होऊ दे! शाळेत मास्तर हजेरी घेतायत की नवस बोलतायत, तेच कळायचं नाही.”

मुकान खदखदून हसला. मग हसू हळूहळू ओसरलं.

“त्या नावाने काम केलं होतं. झाला होता ना मुलगा.”

“हो.”

“नऊ दिवसांचा होता.” त्याने पत्ते जुळवले, पुन्हा विस्कटले. “नावाचा काय दोष? त्याचं आयुष्यच तेवढं.”

हीच वेळ होती. तिने पत्ते खाली केले.

“बाबा, मला एक...”

“खेळ आधी. बोलण्यात गुंतवतेस होय मला?” त्याने मिशीवरून बोट फिरवलं आणि आपली सगळी हाडं मध्ये लोटली.

तिच्या हातात तीन राण्या होत्या. बापाकडे काही नसलं की बोट मिशीवर जातं, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. तिने पत्ते पालथे ठेवले.

“घ्या. जिंकलात.”

मुकानने आपले पत्ते उलटून दाखवले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. त्याने मांडीवर थाप मारली.

“मोठमोठ्या लोकांना रडवतेस म्हणे! बघ, म्हाताऱ्याने नुसत्या तोंडावर फसवलं.”

“ठेवा आता नाव.”

कुंपणापाशी घोडी शेपटीने माश्या हाकलत होती. मुकान तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिला.

“उलबोल्सिन.”

“ते माझं आहे.”

“तू कुठे वापरतेस? मुकुट घातलास तो आयसुलू म्हणून, पत्ते खेळतेस तेही आयसुलू म्हणून. इथे पडूनच आहे ते.” तो पत्ते गोळा करू लागला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “शुभ नाव आहे. त्या नावाने माझं कधी वाईट झालं नाही.”

तिचा चेहरा जराही हलला नाही.

“लोक हसतील, बाबा,” एवढंच म्हणाली, आणि चहाची किटली घेऊन आत गेली.

लोक हसलेच. दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून ते नाव घेतलं की माळभर हशा पिकत होता. घोडी चौथी आली. तोवर मुकान गवतावर बसला होता. नाव ऐकून त्याने हात वर केला, असं शेजारचा म्हणाला. मग मुकान आडवा झाला, तो उठलाच नाही.

मातीच्या दिवशी घर माणसांनी भरलं. दाराबाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते. मुलाच्या जागी पुतण्या उभा होता. आत मुली रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, बापाचा शोक गात होत्या. थोरल्या चौघींचं गाऊन झालं.

“आता तू,” कुलपाश आत्याने कागद तिच्या हातात कोंबला. ओळी आत्याने स्वतः लिहिल्या होत्या. “मोठ्याने म्हण. आणि रड जरा, बाया बघतायत. मुकुट घालताना कॅमेऱ्यापुढे बरं रडू आलं होतं तुला!”

‘माळावरचा गरुड माझा बाप,’ अशी पहिली ओळ होती. तिने ती म्हटली आणि थांबली. आत्याने कोपराने ढोसलं. मागे कुणीतरी कुजबुजलं, घसा बसला असेल बिचारीचा.

तिने कागदाची घडी घातली.

“बाबा,” ती भिंतीला म्हणाली. गात नव्हती, नुसती बोलत होती, पण शेवटच्या बाईपर्यंत ऐकू जात होतं. “भाऊ झाला तेव्हा आत्या मला म्हणाली, तुझं काम झालं, पोरी. मला वाटलं, आता मला कुणाला तरी देऊन टाकाल. मी रोज पांघरुणात तोंड घालून देवाकडे मागत होते, याला परत ने.”

आत्याचा हात तिच्या दंडावर आला. तिने तो बाजूला केला.

“नवव्या दिवशी नेलं. तुम्ही मला पोटाशी धरून रडलात. मला फार बरं वाटलं होतं, बाबा.”