घामाची कातडी

पस्तीस अंशांना नझीर उन्हाळा म्हणायलाच तयार नव्हता. वाळवंटात बावन्न अंशांत आठ वर्षं काढलेल्या माणसाचा तोरा तो. कंपनीने अंगावर कायमची बसवलेली दुप्पट घामाची कातडी तिथे त्याला गार ठेवायची. सुट्टीवर घरी आल्यावर दाभोळच्या दमट हवेत मात्र तिसऱ्याच दिवशी खाटेखाली तळं साचलं, तरी अंग तापतच राहिलं.

"इथे हा घाम वाळतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच परत जा, नाहीतर जिवावर बेतेल."

"शुक्रवारी लेकीचा निकाह आहे."

"मग कातडी खुंटीला टांगून बसा मांडवात," बायको रुबिना टॉवेल पिळत म्हणाली.

लेक सुरय्या दारातच उभी होती. "अब्बा, नवऱ्याकडच्यांना आणि काझींना आत्ताच बोलावलंय."

नझीरने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी तिची कोरी ओढणी खांद्यापर्यंत भिजली.