टाकीतला पंप

पंप पुन्हा बंद होता.

किंग-शान गुडघे टेकून काचेच्या टाकीपुढे बसला. सगळ्या कोळंब्या पाण्याच्या वरच्या थरापाशी, शेवाळाच्या टोकांना लटकून बसल्या होत्या. एक तळाशी आडवी पडली होती. पोटाशी अंडी धरलेली लाल-पांढरी मादी अजून पाय हलवत होती, एवढंच नशीब. या मादीसाठी तो वर्षभर थांबला होता. त्याने खटका दाबला. बुडबुडे वर येऊ लागले.

"सू-चिन!" तो ओरडला. "तूच बंद केलास ना?"

बायको स्वयंपाकघरात भाताच्या पेजेपुढे डुलक्या घेत होती.

"आवाज होतो," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी होत नव्हता?"

"आता होतो."

"अगं, किती वेळा सांगू! दिवसा झाडं पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री दिवा गेला की तीच झाडं तो ओढायला लागतात. पंप नसला तर कोळंब्यांनी काय तुझ्या नावाने जप करायचा? आज एक कोळंबी मे..." त्याने जीभ चावली. "एक फिरायला गेली."

चिनी नववर्षाचे दिवस होते. पंधराव्या दिवशीच्या दिव्यांच्या सणापर्यंत घरात अशुभ बोलायचं नाही, हा नियम त्याच्या आईचा होता आणि तो आईपेक्षाही कडक पाळत होता. पाहुण्यांच्या पोराने 'मेलं' म्हटलं तर त्याचं तोंड लाल कागदाने पुसायला धावला होता.

त्याने खटक्यावर चिकटपट्टी लावली. सकाळी पट्टी सोललेली. त्याने तार कपाटामागे नेली. सकाळी कपाट हातभर पुढे सरकलेलं. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी बाई कपाट सरकवते, याचा त्याला भयंकर संताप आला.

"रात्रभर उचापती करायच्या आणि दिवसभर झोपायचं," तो म्हणाला. "वर झोपेत कोपर मारतेस ते वेगळंच. बरगड्या ठणकतायत माझ्या."

"पलंग अरुंद आहे."

"चाळीस वर्षं पुरला की!"

"तेव्हा तू बारीक होतास, म्हाताऱ्या माकडा."

टाकी झोपायच्या खोलीतून हलवावी, तर तीच एक खोली उन्हाळ्यात गार राहायची आणि या कोळंब्यांना गारवा लागायचा. अख्ख्या च्याई शहरात आपल्याएवढं छळलेलं माणूस नसेल, असं त्याला वाटू लागलं.

एकदा जेवताना सू-चिनने काड्या खाली ठेवल्या. "तुला एक सांगायचंय."

"शुभ आहे का?"

"नाही."

"मग सणानंतर."

"डॉक्टरकडे तरी..."

"डॉक्टर? नववर्षात? वर्षभर दवाखान्याच्या वाऱ्या करायच्या आहेत का?" गुडघे दाखवायला तो नंतर नेणारच होता. बाकी तिला काय सांगायचं होतं, ते त्याला पक्कं माहीत होतं: टाकी विकून टाक. त्याने वाटीतला मासा तिच्याकडे सरकवला आणि विषय संपवला.

शेवटी कोळंब्या विकणाऱ्या दुकानदार आ-झोंगने मार्ग काढला. "काका, भांडताय कशाला? हा पंप घ्या. चालू आहे की बंद, कानाला कळत नाही. माझ्या घरात हाच आहे, म्हणून माझी बायको अजून माझ्याकडे आहे."

नव्या पंपाला कोणी हात लावला नाही. एक सकाळ गेली, दुसरी गेली, कोळंब्या तळाशी निवांत चरत राहिल्या. दिव्यांचा सण झाला. दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तो शेवाळात तांदळाच्या कणीएवढी पिल्लं! किंग-शानला इतका आनंद झाला, की डोकं जड असूनही तो स्वतः चहा करायला गेला. हल्ली रोज सकाळी त्याचं डोकं जड असायचं. एवढा मनस्ताप झाल्यावर दुसरं काय होणार?

पेला तिच्यापुढे ठेवून तो विजयी मुद्रेने बसला. "बघ, नुसत्या आवाजाचा प्रश्न होता. सणही झाला. आता बोल काय बोलायचंय ते. पण टाकी विकणार नाही."

"टाकी राहू दे," सू-चिन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "हा पंप बरा आहे. याच्यात मला ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"झोपेत तुझा श्वास थांबतो, माकडा. आधी एकदा ढोसलं की सुरू व्हायचा. आता दोनदा ढोसावं लागतं."