नणंदेशी लढत

"वहिनी, तुम्ही परत मेलात," ऋजुता हसत म्हणाली, तेव्हा टीव्हीवरची रेवतीची तलवारवाली धाडकन जमिनीवर कोसळली होती.

लग्न होऊन रेवती बार्शीला आली, तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं एवढंच, खेळापुरतं. ऋजुता मुळातच अबोल, पण कंट्रोलर हातात आला की खुलायची. म्हणून रेवती रोज दुपारी तिच्यासमोर बसायची, सगळी बटणं दणादण दाबायची आणि मार खायची.

शेवटी ऋजुतालाच राहवलं नाही. "तुम्हाला मारायची फार घाई होते. आधी माझा वार अडवा. वार फुकट गेला की मला सावरायला जरा वेळ लागतो. तेव्हा मारा."

रेवती मग नुसतं अडवायलाच शिकली. हरायची अजूनही, पण उशिरा हरायची. हळूहळू वार कुठून येणार, ते तिला आधीच कळू लागलं.

रविवारी सासूबाई शेंगा सोलता सोलता खेळ बघत होत्या. ऋजुताच्या राक्षसाने झेप घेतली. रेवतीने दम धरला, वार ढालीवर झेलला आणि मग लागोपाठ असे फटके दिले की राक्षस आडवाच झाला.

आता ही रुसणार, असं रेवतीला वाटलं. पण ऋजुताने कंट्रोलर टाकून तिला गच्च मिठी मारली.

"आई, हिने मला कसं लोळवलं बघितलंस ना? वहिनी, कसली शिकलीस गं तू."

या घरात आल्यापासून रेवतीने तिच्या तोंडून 'तू' पहिल्यांदाच ऐकलं. तिने हसतच डोळे पुसले.

"बस परत," ती म्हणाली, "आता तुला सोडत नाही."