सोमवारचं मौन

सुमंगला दर सोमवारी दिवे लागेपर्यंत मौन पाळायची. गौरेशने चित्रासाठी बसायला तिला नेमका तोच वार सांगितला. साखळी गावातल्या त्याच्या पडवीत ती चार वर्षं बसत आली. एकामागून एक सात चित्रं झाली, सगळी तिचीच. गौरेशची आई चेष्टा करायची, "बरी गावली रे तुका, तोंड न उघडणारी!"

आठव्या चित्राच्या वेळी, भर दुपारी, महादेवाची मनातल्या मनात क्षमा मागून सुमंगलाने पहिल्यांदाच मौन मोडलं.

"फोंड्याचा स्थळ इला रे. उद्या घरचे होकार देतले. तुका कायच म्हणूचा नाय?"

गौरेशचा कुंचला थांबला.

"हलू नको गो," तो म्हणाला. "ओठच रंगवतंय."