वरचा मजला

शिट्टी तिसऱ्यांदा वाजली आणि राजवाड्याच्या छपरावरची कबुतरं फडफडत उडाली. बसमध्ये सगळे येऊन बसले होते. कुणी धापा टाकत होतं, एका बाईच्या चपलेचा अंगठाच तुटला होता, पण आले होते बिचारे. नव्हत्या फक्त काकू. म्हणजे शिट्टी वाजवणाऱ्याची सख्खी बायको!

शिट्टीकाका हे निवृत्त पीटी मास्तर. त्यांना कुणीही नेमलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बसमध्ये उभे राहून त्यांनी हात वर करायला लावले आणि नियम पास करून घेतला: उशीर करेल त्याला सोडून बस निघणार, त्याने आपापल्या खर्चाने यायचं. टूरवाल्याला आयतंच फावलं. तेव्हापासून या जुन्या राजधानीत लोकांनी काय पाहिलं? मनोरा बाहेरून, तोफा चालता चालता, बाग फाटकातून. उभे राहा, फोटो काढा, चला! याला काय प्रवास म्हणायचा? नुसती हजेरी!

"येईलच ती," काका बसच्या दारातून म्हणाले. "दोन मिनिटं थांबू."

मधल्या सीटवरची बँकवाली ताडकन उठली. "दोन मिनिटं? काल कुठे गेली होती तुमची दोन मिनिटं?"

काल सगळे शहराबाहेरच्या किल्ल्यावर गेले होते. बँकवाली आणि तिचे म्हातारे वडील मागे राहिले, आणि बस निघून गेली. दोघं अंधार पडल्यावर टॅक्सीने हॉटेलवर पोचले.

"माझे बाबा काठी टेकत उतरत होते. तुम्हाला दिसत होते. मी हात करत होते, तेही दिसत होतं. आणि तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, चला!"

"ताई, नियम म्हणजे नियम. तो काही मी एकट्याने—"

"मग आता म्हणा ना, चला! का घरच्यांना वेगळा नियम?"

"जाऊ दे गं," म्हाताऱ्याने तिची ओढणी धरली.

"बाबा, तुम्ही गप्प बसा. कालही तुम्ही हेच म्हणत होतात!"

बसमध्ये एकच कालवा उठला. घरच्यांना वेगळा नियम, हो ना! बरोबर आहे! लाज वाटायला हवी! खरं सांगायचं तर, काल त्या म्हाताऱ्याला खिडकीतून सगळ्यांनीच पाहिलं होतं. तेव्हा एकाने ब्र काढला नव्हता. आज मात्र प्रत्येकाला कंठ फुटला होता. टूरवाला मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला, आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. जेवणाआधी नदीपलीकडचं गाव उरकायचं होतं.

काका लालबुंद झाले. राग बँकवालीवर नव्हता, बायकोवर होता. तरातरा चालत ते वाड्याच्या अंगणात गेले आणि छाती भरून शिट्टी फुंकली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. काकू!

"अगं ए! कान फुटले का तुझे? शिट्टी ऐकू येत नाही?"

"आली की. मघाचीही आली, त्याच्या आधीचीही आली."

बसच्या खिडक्यांतून भराभर माना बाहेर आल्या.

"मग खाली उतर आधी! चारचौघांत शोभा करतेस माझी!"

"घरून निघतानाच मी म्हटलं होतं," काकू वरून म्हणाल्या, "मला काही नको, फक्त राण्यांचे पोशाख बघायचेत. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले मी. इथे एकेका झग्याची चुणी न् चुणी हाताने घातलीय, एकही टाका वाकडा नाही. अजून निम्मी दालनं राहिलीत, आणि उद्या आपण परत निघणार. आता नाही तर कधी बघू, मेल्यावर? मनोऱ्यापाशी शिट्टी, बागेच्या फाटकात शिट्टी, पाणी प्यायला थांबलं की शिट्टी! मी काय तुमच्या शाळेतली पोर आहे?"

"बस निघून जाईल, सांगून ठेवतो!"

"जाऊ दे. काल त्या म्हाताऱ्या माणसाला टाकून गेलीच की. मीही होते ना बसमध्ये, तुमच्या शेजारी, मूग गिळून बसलेली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा." काकू खिडकीची झडप धरत म्हणाल्या, "आज मी नाही येत."

खिडकीत आता कुणी नव्हतं.

बँकवाली हळूच खाली बसली. तिच्या मनात होतं ते असं नव्हतं.

"काका, बसताय का?" ड्रायव्हरने विचारलं.

काका दारापाशी आले. एक पाय पायरीवर ठेवला. त्यांनी बसमध्ये सगळ्यांकडे पाहिलं, एकेका सीटवरून नजर फिरवली. कुणीतरी म्हणेल, थांबू या की थोडं. पण कुणी म्हणालं नाही. आजही नाही. त्यांनी पाय मागे घेतला.

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत काका तिथेच उभे होते. सकाळपासून ते वाड्याच्या अंगणातच उभे होते, येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी मोजत. शेवटी ते दारातल्या पहारेकऱ्यापाशी गेले.

"अहो," काकांनी विचारलं, "वर जायचा जिना कुठे आहे?"